पेट्रा पायी पाहताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात परदेशातील पायी भटकंतीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. आलेली बरीचशी पत्रे जॉर्डनमधील पेट्रा या एकाच स्थळाविषयी निघाली. मुले-मुली आखाती देशांत नोकरीला असलेल्या घरांतून तिथे जाण्याचे बेत आता सहज आखले जातात, हे त्यामागचे एक कारण असावे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे पेट्रासाठी ठेवले आहे. मी स्वतः तिथे दोनदा गेलो आहे. पहिल्या वेळी एका दिवसात धावतपळत गेलो आणि कातळात कोरलेले दर्शनी भाग तेवढे पाहून परतलो. दुसऱ्या वेळी तीन दिवस पायी हिंडलो आणि कातळातील पाण्याच्या पन्हळींचा माग काढत गेलो, तेव्हा कुठे ते शहर कसे वसले असेल, हे मला कळू लागले. पुढील उत्तरे त्या दुसऱ्या भेटीच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : माझे वय ६४ व पत्नीचे ६० आहे. मुलगी दुबईला असते. तिच्याकडे जाऊ तेव्हा तिथूनच चार दिवस जॉर्डनला जावे, असा विचार आहे. आम्ही दोघे रोज पाच किलोमीटर चालतो, मात्र पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे. एका सहल कंपनीने ‘अम्मानहून एका दिवसात पेट्रा’ असा कार्यक्रम सुचवला आहे. तो पुरेसा आहे का? प्रत्यक्षात किती चालावे लागते? — एक वाचक, पुणे

उत्तर : अम्मानहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कृपया रद्द करा. अम्मानपासून पेट्राच्या दारातले गाव, म्हणजे वादी मूसा, सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि एका बाजूच्या प्रवासाला सुमारे तीन तास लागतात. (हा शब्द ‘वादी’ असा आहे, आपल्या ‘वाडी’शी त्याचा संबंध नाही. अरबीत वादी म्हणजे पावसापुरती वाहणारी, एरवी कोरडी असणारी नदीची दरी.) सकाळी निघालेली गाडी भर उन्हात पोहोचते, गर्दीत आत शिरावे लागते, आणि संध्याकाळी परतायचे म्हणून चार तासांत सगळे उरकावे लागते. माझी पहिली भेट अशीच वाया गेली. बरोबरच्या मार्गदर्शकाने खझन्यापासूनच, म्हणजे कातळात कोरलेल्या तिथल्या सर्वांत प्रसिद्ध वास्तूपासूनच, मागे फिरण्याची घाई केली; पुढे आणखी दोन-तीन किलोमीटर शहर पसरलेले आहे, हे आमच्यापैकी कित्येकांना कळलेसुद्धा नाही.

वादी मूसा येथे किमान दोन रात्री राहावे. हे लिहीत असताना जॉर्डनमध्ये मुक्काम करणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी पेट्राचे एका दिवसाचे तिकीट ५० दिनार, दोन दिवसांचे ५५ आणि तीन दिवसांचे ६० दिनार आहे. म्हणजे दुसरा दिवस अवघ्या पाच दिनारांत मिळतो. हिशोबाच्या दृष्टीनेही एका दिवसाची घाई करण्यात काही अर्थ नाही.

आता अंतराविषयी. प्रवेशद्वारापासून सुमारे ८०० मीटर मोकळा, खडी-मातीचा रस्ता आहे. त्याच्या शेवटी ‘सीक’ नावाची अरुंद घळ सुरू होते. ती सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंना उंच उभे कातळ. ती संपते तिथे अचानक खझना समोर उभा राहतो. तिथून पुढे कोरलेली थडगी, कातळातले नाट्यगृह, राजथडगी आणि स्तंभांच्या दुतर्फा रांगांचा रस्ता ओलांडत कस्र अल-बिंत या मंदिरापर्यंत जाता येते. एका बाजूचे हे एकूण अंतर साधारण चार किलोमीटर होते. जाऊन-येऊन आठ किलोमीटर आपणा दोघांना जड नाही. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या : प्रवेशद्वारापासून सीकच्या टोकापर्यंत जाताना वाट हळूहळू उतरत असते, ते जाताना जाणवत नाही, दिवसभर हिंडून थकल्यावर परतीची तीच वाट चढाची होते. बहुतेकांचे पाय तिथेच बोलू लागतात. प्रवेशद्वार ते खझना या टप्प्यात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या पैसे देऊन मिळतात. पत्नीसाठी परतीच्या वेळची गाडी आधीच ठरवून ठेवावी. त्यात कमीपणा मानू नये.

पहिल्या दिवशी दार उघडताच, म्हणजे पहाटे सहाला आत जावे. सीकमध्ये तेव्हा पावलांखेरीज आवाज नसतो. खझन्यावर ऊन सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते. तोवर त्याच्यासमोर बसून राहिलात तर तो गुलाबी, मग नारिंगी होत जाताना दिसेल. त्यानंतर सावलीसावलीने कस्र अल-बिंतपर्यंत जाऊन जेवणानंतर परतावे.

दुसरा दिवस ‘दैर’साठी राखावा. डोंगरमाथ्यावरचे हे प्रचंड स्मारक सुमारे ४७ मीटर रुंद आहे. पुढच्या काळात भिंतींवर क्रूस कोरले गेले, त्यावरून त्याला मठ म्हणू लागले. तिथवर आठशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. त्या कातळातच खोदलेल्या आहेत, झिजून गोलसर झाल्या आहेत आणि त्यांच्यावर बारीक वाळू असते. चढताना दम लागेल, पण आपल्या पत्नीच्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होईल. चालण्याच्या दोन काठ्या घेतल्याशिवाय त्यांनी हा टप्पा करू नये, आणि त्या दिवशी गुडघा दुखत असेल तर मुळीच करू नये. त्यांना कस्र अल-बिंतजवळच्या उपाहारगृहात सावलीत बसता येईल. दैरचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि दुपारनंतर चढणीच्या वाटेवर बरीच सावली येते, म्हणून तीनच्या आसपास वर पोहोचणे उत्तम. मात्र खाली उतरून अंधार पडण्याआधी दाराबाहेर पडण्याचा हिशोब आधी करावा. हिवाळ्यात दार लवकर बंद होते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. पेट्राची छायाचित्रे मुलांना दाखवते तेव्हा दरवेळी एकच प्रश्न येतो : वाळवंटात एवढे मोठे शहर कशाच्या जोरावर उभे राहिले? मे महिन्यात मी स्वतः जाणार आहे. याचे उत्तर तिथे प्रत्यक्ष पाहता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर पेट्रामध्ये पावलापावलावर कातळात कोरलेले आहे; बहुतेक प्रवासी दर्शनी भागांकडे मान वर करून पाहत जातात, म्हणून ते सुटते. नजर कमरेच्या उंचीवर ठेवून चाला.

पेट्रा म्हणजे वाळूच्या टेकड्यांमधले गाव नव्हे. ते वाळवंटाच्या कडेच्या वालुकाश्माच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून नऊशे-हजार मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षाला सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे नाशिकला एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो तेवढा. तोही हिवाळ्यातल्या मोजक्या दिवसांत. डोंगर उघडेबोडके असल्याने पाणी मुरत नाही; काही मिनिटांत घळींतून लोंढा येतो आणि निघून जातो. तेव्हा शहर वसवणाऱ्या नबाती या प्राचीन अरब लोकांपुढे एकाच वेळी दोन उलट कामे होती : पुराचे पाणी शहराबाहेर घालवायचे, आणि पिण्याचे पाणी शहरात आणायचे. ही दोन्ही कामे आपल्याला एकाच वाटेवर पाहता येतात.

सीकच्या तोंडाशी, आत शिरण्यापूर्वी, एक बंधारा दिसेल. आजचा बंधारा १९६० च्या दशकातला आहे, पण तो नबाती बंधाऱ्याच्याच जागी बांधलेला आहे. त्याच्या उजव्या अंगाला कातळात खोदलेला सुमारे ८८ मीटर लांबीचा बोगदा आहे. वादी मूसा या दरीतला पूर सीकमध्ये शिरू नये म्हणून नबातींनी तो अडवला आणि या बोगद्यातून शेजारच्या दरीत वळवला. म्हणजे ज्या घळीतून आपण चालत जातो ती मुळात पाण्याची वाट होती; माणसांनी पाण्याला दुसरी वाट करून दिली, तेव्हा ती शहराचा राजमार्ग झाली.

आत शिरल्यावर डाव्या कातळात कोरलेली पन्हळ लागते. ती पूर्वी दगडी फरशांनी झाकलेली होती. उजव्या बाजूला, कातळातल्या खाचेत, भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्याने सांधलेले होते; त्यांचे तुकडे काही ठिकाणी अजून जागेवर आहेत. हे पाणी ऐन मूसा या झऱ्यापासून काही किलोमीटर दूरवरून येत असे. उतार इतका बेताचा ठेवलेला आहे की पाणी उसळत नाही आणि साचतही नाही. वाटेत गाळ बसण्यासाठी लहान कुंडे आहेत. बाजूच्या घळी सीकला मिळतात तिथे छोटे बंधारे घातलेले दिसतात. डावीकडच्या भिंतीवर उंट आणि उंटवाले यांचे मोठे शिल्प होते. वरचा भाग झिजून गेला आहे आणि पावले तेवढी उरली आहेत. कारवां ज्या वाटेने आत येत, तिच्याच कडेने पाणीही चालत होते.

शहरात शिरल्यावर पाण्याचा थाट दिसतो. स्तंभांच्या रस्त्यालगत सार्वजनिक कारंज्याचे अवशेष आहेत. त्याच रस्त्याच्या दक्षिणेला, मोठ्या मंदिराशेजारच्या गच्चीवर, १९९८ मध्ये झालेल्या उत्खननात एक जलाशय सापडला : सुमारे ४३ मीटर लांब, २३ मीटर रुंद, मध्यभागी बेटासारखा मंडप आणि भोवती बाग. पिण्यासाठी नव्हे, शोभेसाठी आणि सुखासाठी! दूरच्या वाळवंटातून आठवडेच्या आठवडे चालून आलेल्या व्यापाऱ्याने हे पाणी पाहिले की राजाच्या वैभवाविषयी त्याला वेगळे सांगावे लागत नसणार.

कस्र अल-बिंत म्हणजे ‘मुलीचा महाल’. ती इमारत खरे तर नबाती मंदिर आहे. पण बेदूइनांच्या, म्हणजे तिथल्या भटक्या अरबांच्या, दंतकथेत तिथे फिरऔनची (इजिप्तच्या प्राचीन राजाची) मुलगी राहत होती आणि जो महालापर्यंत पाणी आणील त्याच्याशीच लग्न करीन, असा तिचा पण होता. इतिहास म्हणून या कथेला आधार नाही. तरीही शहर ओस पडल्यावर शेकडो वर्षांनी तिथे शेळ्या चारणाऱ्यांनी त्या अवशेषांविषयी जी गोष्ट रचली, ती सोन्याची वा युद्धाची नसून पाणी आणण्याची आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. ही गोष्ट आपल्या वर्गात जरूर सांगा.

चढण्याची ताकद असेल तर बळी देण्याच्या उच्च स्थानाकडे जाणाऱ्या पायऱ्यांनी वर जा आणि आल्या वाटेने न उतरता मागच्या वादी फरासातून उतरा. वर सुमारे सहा मीटर उंचीचे दोन सुळके उभे आहेत. ते उभारलेले नाहीत. भोवतालचा सगळा डोंगरमाथा तासून काढला आणि ते मागे ठेवले. उतरताना कातळात कोरलेला मोठा सिंह लागतो. त्याच्या डोक्याकडे वरून येणारी पन्हळ आजही स्पष्ट दिसते; तिचे पाणी सिंहाच्या तोंडातून खाली पडत असे. चढून येणाऱ्या भक्ताला पहिला घोट तिथे मिळत असावा, असे मला वाटते. त्याच्या खाली बागमंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू आणि तिच्यालगत भिंत घालून केलेले मोठे टाके आहे.

टाक्यांविषयी आणखी थोडे सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांना ते चटकन कळेल. ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने इ.स.पू. ३१२ मधील नबातींवरील स्वारीच्या वर्णनात लिहिले आहे की, हे लोक जमिनीखाली टाकी खोदतात, त्यांना आतून गिलावा करतात, तोंड अगदी लहान ठेवतात आणि आत मात्र ती रुंद करत जातात. पावसाचे पाणी भरल्यावर तोंड बुजवून फक्त आपल्यालाच ओळखता येईल अशी खूण ठेवतात. शत्रू पाठलाग करत वाळवंटात आला की तहानेने परत फिरतो, आणि हे मात्र टिकून राहतात. कान्हेरीची पोढी (पाण्याची टाकी) आणि आपल्या गडांवरची खोदीव टाकी पाहिलेल्या मुलांना ही युक्ती परकी वाटणार नाही. कान्हेरीतही कातळावर पडणारे पाणी पन्हळींनी लेण्यालेण्याच्या पोढीत नेलेले आहे. फरक इतकाच की तिथे चार महिने धो धो पाऊस आहे आणि पेट्रामध्ये तो काही दिवसांचा पाहुणा आहे.

खझन्याची तुलना वेरूळच्या कैलास लेण्याशी करावी का, असेही मुले विचारतील. एका बाबतीत ती चपखल आहे : दोन्ही ठिकाणी काम वरून खाली होत आले. सुमारे ४० मीटर उंचीचा खझना आधी माथ्याकडून कोरायला घेतला आणि कोरत कोरत कारागीर खाली उतरले. पण कैलास हे चारही बाजूंनी मोकळे केलेले मंदिर आहे आणि आत खोल शिल्पे आहेत; खझन्याचा जीव दर्शनी भागात आहे, आतल्या खोल्या अगदी साध्या आहेत. तो खजिना नव्हता, थडगे होते. नावातला ‘खझना’ म्हणजे आपलाच खजिना. माथ्यावरच्या दगडी कलशात फिरऔनचे धन लपवले आहे, या समजुतीने लोकांनी त्यावर गोळ्याही झाडल्या. त्याच्या अंगणाखाली थडगी आहेत हे २००३ च्या उत्खननात दिसले, आणि २०२४ मध्ये तिथेच बारा सांगाडे असलेले आणखी एक थडगे उघडले गेले.

शहराचा शेवटही पाण्याशी जोडलेला आहे. इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने नबाती राज्य साम्राज्यात सामील केले, त्यानंतरही पेट्रा नांदत होते. ३६३ च्या भूकंपात मात्र शहराचा मोठा भाग कोसळला आणि पाण्याची व्यवस्थाही मोडली. तरी लोक लगेच निघून गेले नाहीत. १९९३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये शंभराहून अधिक जळकी पपायरसची भेंडोळी सापडली; त्यांत सहाव्या शतकातील घरे, बागा, मळे आणि वारसाहक्क यांचे व्यवहार आहेत. बागा आणि मळे होते, म्हणजे पाणीही होते, निदान काही भागात तरी. हळूहळू ते आटत गेले आणि माणसेही.

प्रश्न : आमच्या सोपाऱ्याचा आणि पेट्राचा काही संबंध होता, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे की अभिमानापोटी जोडलेले आहे? — एक वाचक, नालासोपारा

उत्तर : दुवा खरा आहे, पण त्याची मर्यादा ओळखून तो सांगावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील ल्युके कोमे या बंदराचा उल्लेख आहे. तिथून पेट्राला, नबातींचा राजा मलिकस याच्याकडे वाट जाते आणि मालावर चौथा हिस्सा जकात घेतली जाते, असे तो सांगतो. त्याच लिखाणात पुढे भरुच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आणि घाटावरची पैठण व तेर ही बाजारपेठांची गावे येतात. म्हणजे सोपारा आणि पेट्रा ही दोन्ही एकाच व्यापारी जगाचा भाग होती, हे निःसंशय. सोपाऱ्याचा अमुक माल पेट्राच्या बाजारात उतरला, असा पुरावा मात्र या ग्रंथात नाही. पेट्राची खरी मिळकत दक्षिण अरबस्तानातल्या धूप आणि बोळ या सुगंधी डिंकांच्या वाहतुकीतून होती. पुढे मोसमी वाऱ्यांच्या आधाराने जहाजे थेट भारताकडे ये-जा करू लागली आणि जमिनीवरच्या उंटांच्या वाटांचे महत्त्व उतरले. म्हणजे आपल्या किनाऱ्याची भरभराट आणि पेट्राची ओहोटी यांत काही नाते असणे शक्य आहे. सीकमधली ती उंटांची पावले पाहताना सोपाऱ्याची आठवण काढायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : मी गेली बारा वर्षे सह्याद्रीत भटकतो. नोव्हेंबरमध्ये एकटाच पेट्राला जाणार आहे. गर्दी टाळून छोट्या पेट्राकडून मागच्या वाटेने दैरला उतरण्याचा विचार आहे. वाटाड्या घ्यावा का? वाळवंट असल्यामुळे पावसाची चिंता नसेल ना? — एक वाचक, कल्याण

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही समजूत जीवघेणी आहे. ऑक्टोबर ते मे हे महिने तिथे अचानक येणाऱ्या पुरांचे आहेत. एप्रिल १९६३ मध्ये सीकमध्ये घुसलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच यात्रेकरू बुडाले. वर सांगितलेला आजचा बंधारा त्यानंतर बांधला गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आपण जाणार त्याच महिन्यात, देशभर पुराने बळी घेतले आणि पेट्रातून साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावे लागले. आपण सह्याद्रीत ओढ्याचे पाणी बघता बघता वाढताना पाहिले असेल. पण तिथे निदान डोक्यावर ढग असतात. इथे डोक्यावर निळे आकाश आणि पाऊस मात्र वीस किलोमीटर दूर, असेही घडते. हवामानाची सूचना आली की कोणत्याही घळीत पाऊल टाकू नये, दार बंद केले तर वाद घालू नये, आणि आत असताना इशारा मिळाला तर सामान सोडून उंच जागा गाठावी.

मागच्या वाटेविषयी : छोटे पेट्रा म्हणजे वादी मूसाजवळचे लहान नबाती स्थळ. तिथून दैरकडे येणारी ती वाट फार सुंदर आहे, कड्याच्या अंगाने जाते, आणि काही ठिकाणी एका बाजूला खोल दरी आहे. आपल्यासारख्या सरावलेल्या माणसाला चढ जड जाणार नाही, परंतु वाटाड्या अवश्य घ्यावा, तोही परवानाधारक. उघड्या कातळावर पायवाट उमटत नाही. सह्याद्रीत मळलेली वाट, गवत, झाडी यांवरून जी दिशा कळते, ती इथे कळत नाही. वालुकाश्म बेसॉल्टपेक्षा फार ठिसूळ आहे, हाताला घट्ट वाटणारी कड क्षणात भुगा होते. तिकीट मात्र आधी वादी मूसाच्या मुख्य केंद्रातूनच घ्यावे लागते. ते नसेल तर मागच्या वाटेवरून परत पाठवतात.

खझन्यासमोरच्या कड्यावर नेऊन वरून छायाचित्र काढून देतो, असे सांगणारे तरुण भेटतील. तिथे घसरण्याचा धोका खरा आहे. वरूनच पाहायचे असेल तर राजथडग्यांपलीकडून अल-खुब्था डोंगरावर चढणारी पायऱ्यांची अधिकृत वाट घ्यावी. वेळ अधिक लागतो, पण पायाखाली पायऱ्या असतात.

पाणी किमान तीन लिटर बाळगावे. कोकणात घाम अंगावर राहतो म्हणून तहान लक्षात येते. तिथल्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो आणि आपल्याला घाम येतच नाही, असे वाटत राहते. डोके जड झाले, चिडचिड होऊ लागली की ती उन्हाची खूण समजावी. बरोबर मीठ-साखर किंवा जलसंजीवनीच्या पुड्या ठेवाव्यात. मानेवर ओला पंचा टाकणे हा आपल्याकडचा जुना उपाय तिथेही उत्तम काम करतो.

प्रश्न : व्हिसा आणि ‘जॉर्डन पास’ यांविषयी थोडक्यात सांगाल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : जॉर्डन पासमध्ये पेट्रासह अनेक स्थळांचा प्रवेश येतो, पेट्राच्या एक, दोन वा तीन दिवसांनुसार सध्या तो ७०, ७५ आणि ८० दिनारांना आहे. तो जॉर्डनमध्ये पोहोचण्यापूर्वी घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिलात, तर व्हिसाचे ४० दिनार शुल्क माफ होते. व्हिसाचे नियम बदलत असतात आणि त्या भागातली परिस्थितीही. म्हणून तिकिटे काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, अम्मानमधील भारतीय दूतावासाच्या सूचना पाहाव्यात.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला गाढवावर बसवून दैरपर्यंत नेता येईल असे कळले. हे सुरक्षित आहे का? शिवाय तिथे लहान मुले वस्तू विकतात, त्यांच्याशी कसे वागावे? तिथले रंगीत दगड आणि खापरांचे तुकडे आठवण म्हणून आणलेले चालतात का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटचे आधी : खापराचा एकही तुकडा उचलू नये. नबाती भांडी अंड्याच्या कवचासारखी पातळ असतात आणि त्यांचे तुकडे पायाखाली जागोजाग दिसतात, त्यामुळे मोह होतो. पण उत्खनन करणारे याच तुकड्यांवरून काळ ठरवतात, आणि प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. भिंतींचे रंगीत पट्टेही हाताने चोळू नयेत. बोटांच्या स्पर्शाने वालुकाश्म कणाकणाने झडतो, हे मुलीला एकदा दाखवून द्या. ती स्वतःच इतरांना सांगू लागेल.

गाढवावर तिला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पायऱ्या अरुंद आहेत, एका बाजूला दरी आहे, आणि गुळगुळीत दगडावर त्या प्राण्याचा पाय घसरतो. भर उन्हात दिवसातून अनेक फेऱ्या करणाऱ्या त्या जनावरांकडे पाहून मला वाईट वाटते. नऊ वर्षांचे मूल वाटेत थांबत थांबत आठशे पायऱ्या चढू शकते. नाही जमले तर दैर सोडून द्यावे.

वस्तू विकणाऱ्या मुलांचा प्रश्न नाजूक आहे. पेट्राच्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बेदूइन १९८५ च्या सुमारास, हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले त्या काळात, शेजारच्या उम्म सैहून या वस्तीत हलवले गेले. तेव्हापासून पर्यटन हेच त्यांच्यापैकी अनेकांचे पोट आहे, आणि त्यांच्याविषयी मनात आदर असावा. मात्र मुलांकडून काही विकत घेतले की त्यांची शाळा बुडण्याला आपण हातभार लावतो, म्हणून खरेदी मोठ्या माणसांच्या दुकानातून करावी. टपरीवर बसून ‘सेज’ या सुगंधी पानाचा चहा घ्यावा, चार शब्द बोलावेत. शाकाहारी असाल तर हुम्मुस, फलाफल आणि वांग्याचे भरीत यांवर दोन दिवस उत्तम जातात.

मुलीसाठी शेवटच्या संध्याकाळी छोट्या पेट्राला जावे. वादी मूसापासून ते गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि चालायला अर्धा तास पुरतो. तिथेही एक लहानशी सीक आहे, तिच्या बाजूंना टाकी आणि पन्हळी आहेत. एका कोरीव दालनाच्या छतावर नबाती काळातली रंगीत चित्रे उरली आहेत : द्राक्षाचे वेल, त्यांत बसलेले पक्षी आणि बासरी वाजवणारी लहान आकृती. काजळी आणि धुराच्या थराखाली ती शतकानुशतके दडलेली होती. ती साफ केल्यावर आता पिवळा, हिरवा आणि लाल रंग नीट दिसतो. दालनात उजेड कमी असतो, म्हणून सूर्य मावळण्याच्या तासभर आधी पोहोचावे आणि डोळे सरावेपर्यंत तिला तिथे थोडा वेळ बसू द्यावे.